माझ्या हातच्या गोळ्या

मला कुणालाही गोळी गिळवता येते. सुरगाण्याच्या डोंगरातल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं, पुढे कळवणला, आणि निवृत्त झाले ती नाशकाजवळच्या एका शाळेतून. शाळेत मुलांसाठी जंताच्या गोळ्या यायच्या, रक्तवाढीच्या यायच्या. मुलं एकेक बिलंदर. गोळी गालात दाबून ठेवायची आणि बाईंची पाठ वळली की कुंपणापलीकडे थुंकायची. त्यावर माझी पद्धत ठरलेली होती. गोळी जिभेवर ठेव, पाण्याचा घोट घे, गिळ, आ कर, जीभ वर कर. मग जा जागेवर. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा बाकीच्या शिक्षकांना माझ्या वर्गात उभं करून ही पद्धत दाखवली होती. मी आठ दिवस हवेत होते.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी म्हणू नये. अडाणी बाई घाबरली असती, तिनं चार जणांना विचारलं असतं. मला वाटत होतं, गोळ्यांमधलं मला कळतं.

मला एकच मुलगी. तिचे बाबा गेले तेव्हा ती पुण्यात नोकरीला होती. दुःख आम्हा दोघींनाही झालं, पण ती त्यातून वर येईना. सुट्टी काढून घरी आली आणि सहा महिने राहिली. ताप नाही, कुठे दुखत नाही, पण वेणी घालायला हात वर जात नसे. ताटातली भाजी निवून जायची आणि ती नुसती बघत बसायची. मी सुरुवातीला रागावले. ऊठ, अंघोळ कर, चार माणसांत जा, सगळं बोलून झालं. शेवटी ती स्वतःच गंगापूर रोडवरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, पोह्यांत मीठ कमी पडलंय." मी ओट्याकडे तोंड करून रडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाची तरी चव लागली होती.

त्या दिवशी मी रामाला नारळ वाढवला. गोळीचे आभार मानावेत असं काही मला सुचलं नाही.

लग्नाचं बघताना तिनं मुलाला पहिल्याच भेटीत गोळीबद्दल सांगून टाकलं. मी म्हणत होते, एवढी घाई कशाला. मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घर मूळचं कळवणकडच्या शेतकऱ्यांचं. तो म्हणाला, "आमचे अण्णा बीपीची गोळी खातात, ते काय लपवून खातात का?" मला त्या दिवसापासून जावई आवडला.

दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. गोळीचं काय करायचं हा प्रश्न तिनं माझ्यापर्यंत येऊ दिलाच नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरबाई आणि बाळंतपणाच्या डॉक्टरबाई, दोघींना एकमेकींशी बोलायला लावलं, सगळं वहीत लिहून घेतलं, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि ठरवलं. गोळी चालू ठेवायची. मला नंतर समजावून सांगितलं, मी पोरांना भागाकार समजावायचे तसं. "आई, गोळीचा थोडा विचार करावा लागतो, हे खरंय. पण मी पुन्हा तशी आजारी पडले तर त्याचा त्रास बाळालाही आहे. माझ्या बाबतीत चालू ठेवणं बरं, असं दोघी म्हणतात. मी खूप रडून झालेय यावर. आता पुन्हा हा विषय नको."

"बरं बाई," मी म्हटलं. आणि विषय मनात ठेवून दिला.

सातव्या महिन्यात सातपूरला तिच्या सासरी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, पाच बायकांनी ओटी भरली. पोरगी इतकी छान दिसत होती की मी तिच्याकडे बघायचंच टाळत होते, माझीच दृष्ट लागायची. जेवणं आटोपल्यावर जावयाची चुलती माझ्याशेजारी येऊन बसली. गावाकडची बाई, मनानं वाईट नाही.

"विहीणबाई, एक इचारू का? पोरगी डोक्याच्या गोळ्या खाती म्हणं."

"डॉक्टरांनी दिल्यात," मी म्हटलं.

"दिल्या असतील, मी कुठं नाय म्हणते. पण पोटातल्या लेकराच्या डोक्यात नाय का जायच्या त्या?"

मी काहीतरी बोलून उठले. पण ते वाक्य माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी आलं. मोबाइलवर शोधलं, तर एक बाई मागे देवांचे फोटो लावून सांगत होती की आईनं घेतलेली प्रत्येक गोळी बाळाच्या मेंदूवर शिक्का मारते. एक बघितला की मोबाइल तसलेच आणखी दहा दाखवतो. दहाही बघितले. तिच्या डॉक्टरबाईंचा नंबर त्याच मोबाइलमध्ये होता. तो लावला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. डोहाळजेवणानंतर आठच दिवसांत जावयानं तिला इंदिरानगरला माझ्या घरी आणून सोडलं. येताना औषधांची पिशवी तिच्या हातात होती. मी ती दारातच काढून घेतली. "माहेरी आलीस ना? आता पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. खायचं आणि लोळायचं." ती हसली आणि पिशवी देऊन टाकली. पाच वर्षं तिनं ती गोळी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. माझ्या हाती दिली, कारण मी आई.

मी लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि त्या गोळ्या पाकिटांतून काढून एका कप्प्याकप्प्यांच्या डबीत भरल्या. रोज नाश्त्यानंतर तिच्या तळहातावर ठेवायचे आणि गमतीनं म्हणायचे, "आ कर. जीभ वर." ती लहान मुलीसारखी आ करायची. आम्ही दोघी हसायचो.

आठवडाभर मी ती गोळी एक दिवसाआड दिली. एकदम बंद करायची नसते, एवढं मी वाचलं होतं. माझ्या हिशेबानं आठवडा पुरेसा होता. त्यानंतर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तशीच लहान, पांढरी, गोल दिसणारी जीवनसत्त्वाची गोळी आणली आणि तिच्या जागी ठेवायला लागले. खऱ्या गोळ्या फेकल्या नाहीत. औषध फेकवत नाही मला. देवघराच्या खणात ठेवल्या.

मनात काय होतं ते खरं सांगते. मला वाटत होतं, दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाळ सुखरूप हातात आलं की मीच तिला सांगेन, बघ, तुला काही झालं नाही, तुला त्या गोळीची गरजच नव्हती. ती मला मिठी मारेल. हे दृश्य मी इतक्या वेळा रंगवलं होतं की त्यात तिनं कोणती साडी नेसली असेल तेही ठरलं होतं.

दहा-बारा दिवसांत ती म्हणाली, "आई, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं." मी म्हटलं, अशक्तपणा. सरबत दिलं. मग ती चिडचिड करायला लागली, फोनवर नवऱ्याला टाकून बोलायला लागली. मी म्हटलं, दिवस भरत आले की होतं असं. मग चिडणंही थांबलं. ती खिडकीपाशी बसून राहायला लागली. भाजी पुन्हा ताटात निवायला लागली.

मला ते दिसत नव्हतं असं नाही. ते ताट मी आधी बघितलेलं होतं.

तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारीच मेथी निवडत होते. त्यांनी विचारलं, "गोळी रोज वेळेवर घेतेयस ना? एखादा दिवस चुकला?"

"एकही नाही, मॅडम. आई स्वतः हातावर ठेवते."

"मग उत्तम," त्या म्हणाल्या. थोडं आणखी विचारून त्यांनी डोस वाढवला. उद्यापासून एकाऐवजी दोन.

मी मेथी निवडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातावर दोन खोट्या गोळ्या ठेवायला लागले.

हे लिहिताना मला माझी चीड येते. खोटं बोलणारी पोरं मी तीस वर्षं कान धरून उभी केली. आणि एका खोट्याला दुसरं खोटं जोडायला मला एक दिवससुद्धा लागला नाही. आता सांगितलं तर ती कोलमडेल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे कोलमडणार होता तो माझा शहाणपणा, आणि मला तोच सांभाळायचा होता.

एका दुपारी तिनं मला हाक मारून जवळ बसवलं. मी तिच्या वेणीला तेल लावायला घेतलं. ती म्हणाली, "आई, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही. ते लाथ मारतं तेव्हा शेजारच्या घरी कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं."

"वेडी आहेस. बाळ हातात आलं की बघ कसा पान्हा फुटतो ते."

"ऐक ना. डोस वाढवून बारा दिवस झाले. काही फरक नाही. पाच वर्षं त्या गोळीनं मला उभं ठेवलं, आता तीसुद्धा चालत नाही. म्हणजे माझ्यात दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नाही. बाळ झालं की तू ठेवून घे. तू छान सांभाळशील. मी नसले तरी त्याचं अडणार नाही."

आवाज अगदी साधा होता. दूध संपलंय, येताना घेऊन ये, असं सांगताना असतो तेवढाच.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तिचे केस माझ्या हातात होते, तिचा चेहरा पलीकडे होता, एवढी सोय पुन्हा मिळणार नव्हती. मी सांगितलं नाही. वेणी पुरी केली, तिला डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही, आणि जावयाला फोन करून म्हटलं, असाल तसे या. ते शिफ्ट अर्धी टाकून कंपनीच्या कपड्यांतच आले. रिक्षातून आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तिला बराच वेळ प्रश्न विचारले, मग जावयाकडे बघून म्हणाल्या, "हिला आजच भरती करू या. आणि आणखी एक औषध सुरू करावं लागेल. गरोदरपणात मला ते टाळायचं होतं, पण पहिलं औषध कामच करत नाही म्हटल्यावर इलाज नाही."

बाळाच्या अंगात एक गोळी जाऊ नये म्हणून मी हे सगळं केलं होतं. आता माझ्यामुळे दोन जाणार होत्या.

"पहिलं तिनं घेतलेलंच नाही," मी म्हटलं.

कुणाला कळेना. मग मी सगळं सांगितलं, अगदी ओळीनं, शाळेच्या अहवालासारखं. एक दिवसाआड कधीपासून, बंद कधीपासून, त्या जागी काय. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही शिक्षिका होतात ना?"

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे गोळी चालत होती."

"हो गं."

"म्हणजे मी संपले नव्हते." मग तिनं विचारलं, "किती दिवस?"

"एकतीस."

"एकतीस दिवस मी देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. तू ऐकत होतीस, आई. तू रोज मला आ करायला लावत होतीस."

जावई तिला धरून उठले. दारात मला म्हणाले, "मला तरी विचारायचं होतं, आई." एवढंच. आवाज चढवला नाही. मला त्या घरात मान होता, आणि तो त्यांनी त्या दिवशीही ठेवला.

दवाखान्यात तिची गोळी पुन्हा सुरू झाली, दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही. तिथून ती सातपूरला गेली, माझ्याकडे परत आली नाही. कपडे न्यायला जावई आले, तेव्हा मी देवघराच्या खणातल्या गोळ्याही त्यांच्या हातात दिल्या. पहिलं बाळंतपण सासरी का, असं जो तो मला विचारायचा. मी सांगायचे, आमच्या इमारतीला रंग देतायत, वास सहन होत नाही तिला. खोटं बोलायची आता सवय झाली होती.

मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, वजनाला थोडी कमी. पहिले दोन दिवस जरा जास्त किरकिरायची, म्हणून बाळाच्या डॉक्टरांनी नजरेखाली ठेवली. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. आणि माझ्या आत कुणीतरी चटकन म्हणालं, बघा, मी सांगत होते, गोळीचा परिणाम. एवढं सगळं होऊनही! त्या दिवशी मला माझी जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी पोर शांत झाली, ठणठणीत घरी गेली, आणि आता चार वर्षांची आहे, आजीवर गेली आहे, कुणाचं ऐकत नाही.

नुकसान बाळाचं झालंच नाही. झालं ते माझ्या मुलीचं. मोडलेलं पुन्हा सांधायला त्या गोळीला या वेळी तीन-चार महिने लागले. तोवर ती बाळाला पाजायची, न्हाऊ घालायची, सगळं करायची, पण जड पाण्यातून चालावं तसं. बाळ पहिल्यांदा हसलं तो दिवस तिला आठवत नाही. फोटो आहे. फोटोत तीच बाळाला घेऊन बसली आहे. एकदा तो बघत ती मला म्हणाली, "हा ड्रेस मी कधी घातला होता गं?" मी सांगितलं. तो दिवस तिला परत कुठून आणून देऊ?

माफी मागितली मी. सव्वा महिना झाल्यावर सातपूरला जाऊन मागितली. तिनं "असू दे आई" म्हटलं. मी पाया पडायला वाकले तर मला धरून उभं केलं. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. सणाला येतात, नात माझ्याकडे राहते, रोज फोन होतो, भाजी कोणती केली हे एकमेकींना सांगून होतं. बघणारा म्हणेल, काय मायलेकींचं गूळपीठ आहे. मीही तेच धरून चालले होते.

यंदा तीन-चार महिने ती आली नाही. काम आहे, पोरीची शाळा आहे, जावयाची शिफ्ट बदललीय. व्हिडिओवर फक्त चेहरा दिसायचा. मागच्या महिन्यात मी न सांगताच बस पकडून सातपूरला गेले. दार तिनंच उघडलं.

सहावा महिना तरी असेल. मी चपला न काढताच उभी राहिले.

"ये ना आत," ती म्हणाली. पाणी आणलं. नात शाळेत होती, जावई कामावर. आम्ही दोघीच समोरासमोर बसलो. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून टेबलावरची तिची औषधांची पिशवी दिसत होती.

"तीन महिने होईस्तोवर सांगत नाहीत, ते ठीक," मी म्हटलं. "पण सहा? मी आई ना तुझी?"

"तू काळजी केली असतीस."

"मग? काळजी नको करू तर काय करू?"

ती माझ्याकडे बघून हसली, खूप मायेनं. "तेच तर. मला तुझ्या काळजीची भीती वाटते, आई."

त्यात टोचणी नव्हती, टोमणा नव्हता. असता तर मी चार शब्द बोलले असते, मला येतं तेवढं. कुत्रा चावला होता म्हणून कुत्र्याची भीती वाटते, तसं ती सांगत होती. मी पाणी प्यायले. मग मला जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं. चार वर्षांत मी त्या डॉक्टरबाईंच्या बाजूची झाले होते, हे तिला कळावं म्हणून विचारलं.

"गोळ्या चालू ठेवल्यास ना?"

"हो," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच उठली, पोटावर हात ठेवून जडपणानं चालत गेली, आणि आतल्या खोलीचं दार ओढून कडी लावून आली.